घरचे आणि भाचे

"आधी मामा कोण ते सांगा."

कुणीही नवा माणूस समोर आला की सर डावा हात कानामागे धरायचे आणि हे विचारायचे. त्यांना ऐकायला उत्तम यायचं. हात कानामागे जायचा तो उत्तराचा मान म्हणून. मग त्यांना तीन प्रश्न पुरायचे. बँकेतला साहेब असो, गॅसची टाकी आणणारा असो, तिसऱ्या प्रश्नाला सर म्हणायचे, "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच." मीही तशीच त्यांच्यातली झाले. माझे मामा वणीचे, त्यांच्या चुलत बहिणीचं सासर नामपूरला आणि सर नामपूरचे. एवढं त्यांना पुरलं.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. पण या नातं लावण्यावर देशाचा संघ उभा करणारा तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे, म्हणून लिहिते.

सर आमच्या शाळेत पीटीचे शिक्षक आणि मी ऑफिसात क्लार्क. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, इंग्रजी घेऊन बी.ए. हे मी अभिमानानं सांगते, पण सर माझ्याहून जास्त अभिमानानं सांगायचे. चहावाल्यालाही सांगायचे. "या मॅडम बी.ए. इंग्रजी आहेत, यांना बिनसाखरेचा दे." इंग्रजीचा आणि साखरेचा संबंध त्या चहावाल्यानं कधी विचारला नाही.

आपल्या देशाचा रग्बी लीगचा संघ आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल. मलाही नव्हतं. एकदा आमच्या शाळेच्या हॉलमध्ये या खेळाची कार्यशाळा झाली. जिल्ह्यातले पीटीचे शिक्षक आले, जेवले आणि एकेक करत गेले. दुपारी सर एकटेच उरले, कारण हॉलच्या चाव्या त्यांच्याकडे होत्या. जे शिकवायला आले होते त्यांना वाटलं, या माणसाला फार आवड आहे. संध्याकाळपर्यंत सर निवड समितीवर होते.

खेळ त्यांना लगेच कळला. तेरा जण इकडे, तेरा तिकडे. चेंडू घेऊन पळायचं. समोरच्यांनी सहा वेळा धरून पाडलं की चेंडू त्यांचा. सर म्हणाले, "ही कबड्डीच आहे, फक्त दम धरायचा नाही आणि चेंडू सांभाळायचा." आणि ते पेठ-सुरगाण्याकडे गाडी घेऊन गेले. तिकडची पोरं डोंगर चढून कबड्डीला येणारी. धरलं की सोडत नाहीत.

अडचण वेगळी होती. संघात दोन प्रकारची मुलं. एक इथली. दुसरी परदेशात जन्मलेली, ज्यांचे आजोबा किंवा आजी इथून गेलेले. नियमाप्रमाणे आजी-आजोबा इथले असले तरी नातू आपल्याकडून खेळू शकतो. ती मुलं पाच वर्षांची असल्यापासून हा खेळ खेळलेली, त्यामुळे उघडच वरचढ. मैदानात तेराच्या तेरा तीच असायची. आपली मुलं कडेला बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. सरांचं म्हणणं एवढंच होतं की मैदानात आपली सहा पोरं पाहिजेत. पेठच्या पोरानं दोन वर्षं बाटल्याच धरल्या तर तिसऱ्या वर्षी तो द्राक्षाच्या छाटणीला जाईल आणि परत येणार नाही. "आणि बोलवायला तरी कोणत्या तोंडानं जायचं, मॅडम?"

पहिल्या शिबिरात दोन्हीकडची मुलं एकमेकांशी बोललीच नाहीत. ती वेगळ्या टेबलावर जेवायची, ही वेगळ्या. मग वरून एक लांबलचक इंग्रजी मेल आला की देशांतर्गत आणि वारसा खेळाडूंमध्ये समन्वय साधावा. मी वाचून दाखवला. सरांनी विचारलं, म्हणजे काय करायचं? मी म्हटलं, एकत्र नांदवायचं. "मग एवढं कशाला लिहिलंय?" म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मैदानात उभं केलं. इथल्यांना सांगितलं, तुम्ही घरचे. बाहेरून आलेल्यांकडे हात करून म्हणाले, हे भाचे. यांची आजी, नाहीतर आई, आपल्याकडची लेक. ज्याचे वडिलांकडचे आजोबा इथले होते त्यालाही भाचाच केला, कारण एकदा बसवलेली घडी मोडायची नाही. मी ते इंग्रजीत सांगितलं. ती मुलं खूश झाली. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं.

त्यात एक जेडन होता. ऑस्ट्रेलियातला, तेवीस वर्षांचा, उंच, कायम गोंधळलेला. त्याचे आजोबा नामपूरचे, पण त्यांच्या जन्माचा कागद कुठंच मिळेना. तेव्हा जन्माची नोंद कोण करत होतं? सर त्याला घेऊन त्र्यंबकेश्वराला गेले. तिथं उपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात, कोण कुठून आलं, बरोबर कोण होतं, सगळं लिहिलेलं. गुरुजींनी तासाभरात पान काढलं. जेडनच्या पणजोबांची सही होती, आणि खाली, बरोबर मुलगा, वय सात, आणि त्याचं नाव. जेडननं त्या नावावर बोट ठेवलं ते उचलेना. गुरुजींनाच म्हणावं लागलं की बाबा, शाई जुनी आहे.

त्या पानाचा फोटो मी खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला मेलनं पाठवला. तिकडून उत्तर आलं, हे सरकारी कार्यालय आहे का? सरांनी मला लिहायला सांगितलं, सरकारपेक्षा जुनं आहे. मी तसंच लिहिलं. पंधरा दिवसांनी होकार आला.

जेडन नामपूरचा निघाल्यावर सरांना राहवेना. गावाकडच्या माणसांना फोन करून अहिराणीत सांगायचे, "हाऊ मना भाचा शे." हा माझा भाचा आहे, एवढंच, पण दिवसातून चार वेळा. भेटल्यावर जेडन पाया पडायला वाकला तर सर दोन पावलं मागं उडाले. आमच्याकडे भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामा भाच्याच्या पडतो. सर खरोखर वाकले. जेडन घाबरून पुन्हा वाकला. दोघांची डोकी आपटली.

पुढचं शिबिर मग दृष्ट लागण्यासारखं झालं. पेठच्या मुलांच्या घरून नागलीच्या भाकरी आणि उडदाचं पिठलं यायचं. एक भाचा भाकरी वजनकाट्यावर ठेवून मोबाइलमध्ये लिहून घ्यायचा. घरच्यांनी ते दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात काट्यानंतरही एक भाकरी पडायला लागली. जेडन मराठीतला पहिला शब्द शिकला तो "बस". त्याचा उपयोग होत नाही हे तो दुसऱ्या दिवशी शिकला.

घरच्यांचा कप्तान हिरामण. पेठच्या पलीकडच्या पाड्यावरचा, वय एकवीस, बुटका, खांदे दारात न मावणारे. तो आणि जेडन एकाच जागेवर खेळायचे. पाडलेल्या खेळाडूच्या पायाशी उभं राहून चेंडू उचलायचा आणि साथीदाराला द्यायचा, ती जागा. त्यामुळे सरांनी दोघांना एका खोलीत ठेवलं होतं. एकवीस वर्षांचा हिरामण तेवीस वर्षांच्या जेडनचा मामा झाला आणि ते काम त्यानं मनावर घेतलं. सकाळी जेडनच्या अंगावरचं पांघरूण सारखं करूनच तो धावायला जायचा.

शेवटच्या दिवशी मोठे कोच आले. तेही परदेशात वाढलेले, माणूस सरळ, मोजकं बोलणारा. त्यांनी आधीच सांगून टाकलं की वीस जणांच्या यादीत इथली तीन मुलं घेईन, मैदानात उतरवायचं वचन देत नाही. बदलायला लावायचं असेल तर दाखवा. घरचे विरुद्ध भाचे असा सामना लावा, मी बघतो. सरांना असा सामना पटत नव्हता, अशानं घर फुटतं असं त्यांचं मत. पण दुसरा रस्ता नव्हता. सामना लागला.

पहिला अर्धा भाग मी आयुष्यभर विसरणार नाही. भाचे चेंडू घेऊन पळत यायचे. घरचे बरोबर जागेवर पोचायचे, कंबर धरायचे आणि पाळण्यातलं झोपलेलं मूल खाली ठेवावं तसे त्यांना गवतावर ठेवायचे. तोवर भाच्यांनी चेंडू दुसऱ्या भाच्याला दिलेला असायचा. सुरगाण्याच्या एका मुलानं तर पाडल्यावर वाकून विचारलं, लागलं का? हिरामणनं जेडनला एकदा पकडलं, आणि सोडताना त्याची कॉलर नीट केली. चाळीस विरुद्ध शून्य झालं.

मोठे कोच वहीत काहीतरी लिहीत होते. मला म्हणाले, मुलं चपळ आहेत, पण भितात. मी ते सरांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण तेच माझं काम.

"भितात?" सर म्हणाले. "हिरामण? त्यानं रानडुकराला काठीनं हाकललंय." आणि ते मध्यंतराच्या घोळक्यात घुसले. मी मागोमाग.

"काय चाललंय रे तुमचं?"

हिरामण बुटाच्या नाड्या बघत होता.

"सर, हात नाय उचलत."

"का नाही उचलत?"

"भाच्याला मारलं का म्हातारपणी हात थरथरतात. आई म्हणते."

बाकीच्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, त्याच्या पाड्यावर असा एक म्हातारा आहे, त्याला चहाची बशी धरता येत नाही.

सरांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. हे त्यांनाही लहानपणापासून माहीत होतं. ही सगळी नाती त्यांनीच लावली होती, आठ दिवस घोटून घेतली होती आणि आता तीच मुलांच्या हाताला धरून बसली होती. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. पंच बोलवायला लागले तेव्हा त्यांनी मान वर केली.

"ऐका. ते आता भाचे नाहीत."

"मग कोण?"

"मेव्हणे."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मेव्हणा म्हणजे बायकोचा भाऊ. त्याची थट्टा करायची, त्याला चिखलात लोळवायचं, त्याच्या बुटात पाणी ओतायचं, सगळ्याला परवानगी. म्हातारपणी काही होत नाही.

हिरामण मात्र नियमानं चालणारा. "सर, माझं लग्न नाय झालं अजून."

"होईल. तोवर धर."

दुसऱ्या भागात पहिल्याच मिनिटाला जेडन चेंडू घेऊन निघाला आणि हिरामणनं त्याला असा घेतला की आवाज माझ्यापर्यंत आला. जेडन आडवा पडून आभाळाकडे बघत होता. आठ दिवसांत शिकलेल्या मराठीत तो कळवळून म्हणाला, "मामा?"

"मामा नाय," हिरामण त्याला हात देऊन उठवत म्हणाला. "दाजी."

मग जे झालं ते मैदानाच्या भिंतीवर बसलेल्या बायकांनीही उभं राहून पाहिलं. दुसऱ्या भागाचा हिशेब घरच्यांचे बारा, पाहुण्यांचे दहा. भाच्यांना नातं बदलल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं मध्यंतरात काहीतरी खायला दिलं असावं. एक जण मला विचारून गेला की काय दिलं, आम्हालाही हवं.

संध्याकाळी चहावर यादीचं बोलणं झालं. सर सहावर अडून बसले. मला म्हणाले, मॅडम, जसंच्या तसं सांगा. "तेरा माणसांच्या घरात अर्धी तरी घरची पाहिजेत. नाहीतर त्याला घर म्हणत नाहीत, लॉज म्हणतात." मी सांगितलं. मोठे कोच खूप हसले. मग त्यांनी यादीत इथली पाच मुलं घेतली आणि त्यातली तीन पहिल्यापासून मैदानात उतरतील असं लिहून दिलं. सहा नाही, पण आजवर एकही नव्हतं.

मी खूश होऊन सरांकडे बघितलं. ते यादीच बघत होते. त्यांनी ती वरून खाली वाचली आणि परत वर गेले. हिरामणचं नाव नव्हतं. त्या जागेवर जेडन होता.

मोठे कोच समजुतीनं म्हणाले, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर म्हणा. मला वाटलं आता सर लॉजसारखं काहीतरी बोलतील. जेडन त्यांच्या गावचा, त्याचं नाव त्यांनी वहीतून काढून आणलेलं. हिरामण त्यांनी डोंगरातून आणलेला. अखेर ते म्हणाले, "बरोबर आहे. जेडनचा पास लांब जातो." आणि कप बशीवर ठेवला. मी ते इंग्रजीत केलं. एवढं सोपं वाक्य करायला मला कधी एवढा वेळ लागला नव्हता.

सरांची एक पद्धत होती. ज्याची निवड झाली त्याला फोन करायचा. ज्याची झाली नाही त्याच्या घरी जायचं. पाच फोन त्यांनी पाच मिनिटांत उरकले. उरलेल्या घरांना चार दिवस लागले. हिरामणकडे शेवटी गेलो. मी स्कूटरवर मागं बसले होते. पेठचा घाट चढेपर्यंत सर एक शब्द बोलले नाहीत, आणि ते स्कूटर चालवताना सहसा जिल्ह्याची सगळी सोयरीक सांगतात.

भात कापून झालं होतं. हिरामण अंगणाच्या पुढं खळं सारवत होता, कोपरापर्यंत शेण. आम्हाला बघून उठला. त्याच्या आईनं घोंगडी टाकली, पाणी दिलं. सरांनी पावसाचं विचारलं, बैलाचं विचारलं, आईच्या गुडघ्याचं विचारलं. मग बैलाचं पुन्हा विचारलं.

"सर," हिरामण म्हणाला, "तुम्ही आले तवाच कळलं. आता चहा तर घ्या."

सरांनी चहा घेतला. त्यांना एवढंच म्हणता आलं की पुढच्या खेपेला. हिरामण म्हणाला, पुढच्या खेपेला द्राक्षाचं काम लागलेलं असतंय, बघू. मग हात धुतले आणि विचारलं, जेडनला तिकडं थंडी किती असती, त्याला पांघरूण फेकायची सवय हाय.

सामना परदेशात होता. सर जाणार होते, पण त्यांचा पासपोर्ट वेळेत झाला नाही. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. ज्यानं दुसऱ्याच्या पणजोबांची सही शोधून काढली त्याचं स्वतःचं नाव जुळेना. मी यावर थोडी हसले, तेही हसले.

त्या दिवशी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला. मुख्याध्यापक होते, नगरसेवक होते, एक वार्ताहर होता. पुढच्या रांगेत मधोमध सरांची खुर्ची, त्यावर हार ठेवलेला. राष्ट्रगीत झालं. आपली तीन पोरं मैदानात आली, जेडनच्या शेजारीच उभी होती. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. खुर्ची रिकामीच. मुख्याध्यापक मला म्हणाले, मॅडम, फोन करा. मी केला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. वार्ताहरानं विचारलं, सर कुठं आहेत? मी म्हटलं, येतीलच. ते येणार नाहीत हे मला कळलं होतं, कारण सकाळी त्यांची स्कूटर मला पेठ नाक्यावर दिसली होती.

पुढचं मला हिरामणनं सांगितलं. सर दहाच्या सुमाराला पोचले. पाड्यावर रेंज फक्त खळ्याच्या वरच्या कडेला येते. तिथं दगडाला मोबाइल टेकवून दोघं बसले. चित्र अडकत अडकत यायचं. पहिल्या वीस मिनिटांत घरच्या तिघांपैकी एकानं दोन जबरदस्त टॅकल केले. सरांनी हिरामणची मांडी दाबून धरली. जेडननं एक लांब पास दिला. हिरामण म्हणाला, भारी दिला. सर म्हणाले, हो. आणि मग रेंज गेली. मोबाइल वर धरून पाहिला, झाडावर चढून पाहिला. परत आली नाही.

सर म्हणाले, ऊठ. स्कूटरच्या डिकीतून चेंडू आणला. चप्पल काढून बाजूला ठेवली, पँट दोन घड्या वर केली. म्हणाले, आता उरलेली मॅच आपण खेळू.

हिरामणची आई चुलीवर भाकरी टाकत होती. धप्पकन आवाज आला म्हणून ती पिठाच्या हातानं दारात आली. सारवलेल्या खळ्यात सर उताणे पडले होते, पांढऱ्या शर्टाला माती, चेंडू छातीशी घट्ट. हिरामण त्यांच्यावर वाकला होता. ती घाबरून म्हणाली, "मास्तर, लागलं का?"

"नाही, मावशी," सर पडल्या पडल्या म्हणाले. "चारच झालेत. अजून दोनदा पाडलं की चेंडू त्याचा."